तक्रारपेटीतली नऊ कार्डं

१

ऑलिव्ह प्रोकॉपने व्हर्नाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिवळी कार्डं एकेक करून मांडली. नऊ झाली. मग तिने कॉफीचा कप बाजूला सारला आणि चष्मा पुसायला घेतला. ती चिडली की आधी चष्मा पुसते, हे व्हर्नाला चाळीस वर्षांपासून माहीत होतं.

"वाच," ऑलिव्ह म्हणाली. "आणि वाचून सांग, हे कुणाचं काम."

"मी काय पोलीस आहे?"

"तू एकतीस वर्षं पोस्टात टपाल लावलंस. पत्ता अर्धा पुसलेला असला तरी पाकीट कुणाच्या घरचं ते तू सांगायचीस. आता सांग."

कार्डं सॅस्काचेवानातल्या ब्रॉडहिल गावच्या जिममधल्या तक्रारपेटीतली होती. जिम गावाची, चालवते गावाची समिती, आणि समितीची अध्यक्ष ऑलिव्ह. व्हर्नाने पहिलं कार्ड उचललं. मजकूर पेन्सिलीने, मोठ्या सुट्या अक्षरांत.

‘सोमवार, दहा मार्च. वर्ग नऊचा. बाई उगवल्या नऊ पन्नासला. निराशा झाली.’

पुढची तीन अशीच. मंगळवारी नऊ अठ्ठेचाळीस, बुधवारी नऊ एक्कावन्न, गुरुवारी पुन्हा नऊ पन्नास. उरलेल्यांपैकी एकात शॉवरचं पाणी थंडगार असल्याची रड होती, एकात तिसरं ट्रेडमिल नाताळापासून बंद असल्याची, एकात गाणी कानठळ्या बसवतात अशी, एकात हॉल गारठलेला असतो अशी. आणि या चारही कार्डांच्या शेवटी एकच वाक्य: ‘बाईंचं लक्ष नाही.’

बाई म्हणजे मारिसेल. सकाळी नऊचा वर्ग घेणारी, फिलिपिन्सहून आलेली.

"उद्या तीनला समितीची बैठक आहे," ऑलिव्ह म्हणाली. "लाइल म्हणतो, एवढ्या तक्रारी असताना तिला कायम करण्याच्या पत्रावर सही करता येणार नाही. ते पत्र महिनाअखेरीपर्यंत गेलं नाही तर तिचे इथे राहायचे कागद बारगळले. तिची मायुमी आठ वर्षांची आहे गं. दीड वर्ष झालं, आईला फोनच्या काचेतच बघते ती पोर."

लाइल फर्चक म्हणजे जिमचा व्यवस्थापक. व्हर्ना वाचत राहिली. तिच्या हातात पाचवं कार्ड होतं.

‘वर्गात लाडक्या आणि दोडक्या आहेत. कुणाला आई म्हणून हाक मारतात, कुणाकडे बघतही नाहीत. व्यायामाला जाऊन निराशाच पदरी आली.’

"हे माझ्यावर आहे," ऑलिव्ह हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "ती मला नानाय म्हणते ना. त्यांच्याकडे आईला तसं म्हणतात. कुणाला तरी तेही खुपलं बघ."

व्हर्नाने कार्ड अगदी सावकाश खाली ठेवलं. ते तिने स्वतः लिहिलं होतं.

२

खरं सांगायचं तर व्हर्ना हनाट्युकच्या पोटात दीड वर्षापासून दुखत होतं.

मारिसेल गावात उतरली ती नोव्हेंबरात, उणे तेवीस अंशांत, पावसाळी जाकीट घालून. तिला बघून व्हर्नानेच घरी जाऊन आपला हिरवा कोट आणला होता, तोही बऱ्यापैकी नवा. पहिल्या हिवाळ्यात तिला बाजाराला नेलं ते व्हर्नाने. बर्फावर गाडी घसरली की ब्रेक दाबायचा नसतो हे शिकवलं तेही व्हर्नाने. आणि नानाय कोण झाली? ऑलिव्ह. जिला स्वतःच्या तीन मुली आहेत, पाच नातवंडं आहेत, आणि नाताळात जिच्या घरात बूट ठेवायला जागा उरत नाही, ती ऑलिव्ह. व्हर्नाचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. वर्ग सुटल्यावर मारिसेल आणि ऑलिव्ह खिडकीपाशी कॉफी घेत बसायच्या आणि व्हर्ना बुटांच्या चटईवर वाकून नाड्या बांधायची. दोन मिनिटांच्या नाड्या ती दहा मिनिटं बांधायची, कुणीतरी हाक मारील म्हणून.

सात मार्चच्या शुक्रवारी तिने कार्ड लिहून पेटीत टाकलं. पुढचा आठवडाभर ती फुरंगटून वर्गाला गेलीच नाही. ऑलिव्हही तो आठवडा डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सॅस्काटूनला होती. म्हणजे नेमक्या ज्या दिवसांची तक्रार, त्या दिवसांत दोघीही वर्गात नव्हत्या.

"काय गं, गप्प का?" ऑलिव्हने विचारलं.

"बघतेय." आणि व्हर्ना खरंच बघायला लागली होती. बोटांची सवय जात नाही. तिने एक कार्ड उजेडाला तिरपं धरलं. मग दुसरं. मग ड्रॉवरमधून मऊ पेन्सिल काढून तिने कार्डाच्या कोऱ्या जागेवर हलकेच छाया फिरवली.

"हे बघ. मंगळवारच्या कार्डावर सोमवारच्या अक्षरांचे दाब उमटलेत. बुधवारच्यावर मंगळवारचे. शॉवरच्या कार्डावर गुरुवारचे. थप्पी समोर ठेवून एकामागून एक लिहिलीत, एकाच माणसाने, एकाच बैठकीत."

ऑलिव्ह पुढे वाकली. "म्हणजे आठ-नऊ जण नाराज आहेत हे खोटं?"

"साफ खोटं. आणि हे बघ, पेटीपाशी कार्डं खिळ्याला टांगलेली असतात. म्हणजे वर डाव्या कोपऱ्यात भोक हवं. यांना भोकच नाही. ही कोऱ्या गठ्ठ्यातली आहेत. गठ्ठा असतो आतल्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली तिघांकडे. लाइलकडे, दारातल्या नोंदणीच्या टेबलावरच्या कोरीनकडे आणि तुमच्या खजिनदाराकडे."

ऑलिव्हने कौतुकाने टेबलावर थाप मारली आणि एकेक कार्ड उचलून कोपरा तपासत गेली. पाचव्यापाशी ती थांबली.

"याला भोक आहे," ती म्हणाली. "आणि यावर दाबही नाही. व्हर्ना, हे दुसऱ्याच कुणाचं आहे. हे कोणी लिहिलं?"

३

"एका वेळी एक," व्हर्ना म्हणाली आणि कोट चढवून बाहेर पडली. उत्तर टाळायला हवा मोकळी असली की बरं पडतं.

चालता चालता तिला सरळ दिसत होतं की यातून सुटका नाही. आठ कार्डांचा माणूस सापडला की नववं कार्ड एकटं उघड्यावर पडणार. आणि नाही सापडला तर मायुमीची आई जाणार. एक क्षण, आणि हे तिला पुढे कितीतरी दिवस बोचलं, तिला वाटून गेलं की जाऊ दे ना. गेली तर गेली. ऑलिव्ह पुन्हा आपली होईल, खिडकीपाशी पुन्हा दोनच खुर्च्या राहतील. मग तिने मान झटकली आणि पाय जोरात उचलले.

कोरीन बोडनार जिमच्या दारापाशी टेबलामागे बसली होती. मारिसेल येण्याआधी अकरा वर्षं नऊचा वर्ग कोरीन घ्यायची. गुडघा गेला आणि टेबल नशिबी आलं. व्हर्नाने किल्ल्यांच्या जुडग्यातला सभासदाचा बिल्ला यंत्राला टेकवला. हिरवा दिवा लागला. हे यंत्र जानेवारीत बसवलेलं. त्याआधी वहीत सही करावी लागायची.

"गेल्या आठवड्यात मारिसेल उशिरा यायची का गं?" व्हर्नाने विचारलं.

"उशिरा?" कोरीनने नाक मुरडलं. "आली असती तर मीच नसतं का गावभर केलं? मी रोज सात ते बारा याच खुर्चीत असते. ती बया नऊला दहा कमी असताना येते, बूट चटईवर नीट जोडून ठेवते आणि माझ्याकडे बघून हसते. रोज! पाच मिनिटं जरी उशिरा आली असती तर मी तिच्या वाटेत फुलं टाकली असती."

"तुला तुझा वर्ग परत हवाय."

"हवाय तर. माझ्या वर्गाला बारा बायका यायच्या, हिच्याला चाळीस येतात. तिच्या वाढदिवसाला भिंत बघितलीस ना? शुभेच्छापत्रांनी भरली होती. माझ्या गुडघ्याला किती आली माहितीये? दोन. त्यातलं एक विम्यावाल्यांचं." कोरीनचे डोळे भरून आले आणि तिने ते रागाने पुसले. "पण खोटं मी बोलणार नाही. तेवढं उरलंय माझ्यापाशी."

खजिनदार ड्वाइट सॉचिन हॉलमध्ये बॅडमिंटनची जाळी गुंडाळत होता. सत्तरीचा, लालबुंद, आणि मारिसेलवर उघड खार खाऊन. नऊची वेळ त्याला बॅडमिंटनला हवी होती.

"उशिरा? हॅ!" तो म्हणाला. "ती बाई घड्याळ गिळून जन्मलीये. रोज नऊला आठ कमी असताना दारावर टकटक. ‘ड्वाइट सर, हॉल द्या.’ गेल्या गुरुवारी मी चौदा-तेरा होतो, व्हर्ना! एक गुण! एक गुण हवा होता, आणि ही टकटक!"

"तू कार्ड टाकलंस का पेटीत?"

"कार्ड कशाला? मी समितीत तोंडावर ओरडतो की. गेल्या तीन बैठका ओरडतोय, ऑलिव्हला विचार."

व्हर्ना जिन्यापाशी थांबली. मारिसेलचे दोन पक्के वैरी सांगत होते की ती वेळेवर आली. वैऱ्याच्या तोंडून आलेली चांगली गोष्ट सहसा खोटी नसते.

मारिसेल जिन्याखालच्या खोलीत रबरी पट्टे घड्या घालून ठेवत होती. हिरवा कोट खुंटीला होता.

"मी आठ पन्नासला येते, रोज," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, पण हातातली घडी चारदा मोडली. "गाणं लावून बघायला दहा मिनिटं लागतात. व्हर्ना, लोकांना मी आवडत नसेन तर तसं सांगा ना. कार्डावर कशाला? मी समोरच उभी असते."

व्हर्नाला तिच्याकडे बघवलं नाही. "तसं काही नाही," ती पुटपुटली.

"नऊ जण आहेत," मारिसेल म्हणाली. "मी वर्गात चेहरे बघत बसते. हिने लिहिलं असेल का? तिने? कालपासून मला कुणाशीच नीट हसता येत नाही."

४

लाइलचं ऑफिस बॉयलरच्या शेजारी होतं. लाइल अठ्ठावन्नचा. त्याच्या वडिलांची पत्रं व्हर्नाने हाताने लावली होती, त्यामुळे ती त्याला अजून पोरगाच समजायची. भिंतीवर फक्त एक कॅलेंडर होतं.

"एकाच माणसाने लिहिलीत?" व्हर्नाचं ऐकून तो म्हणाला. "असतील. एखादी बाई बोलायला लाजत असेल, दुसरीने सगळ्यांचं मिळून लिहिलं असेल. लिहिलंय ते खरं आहे का, एवढंच मी बघतो."

"खरं नाही. कोरीन म्हणते ती वेळेवर आली. ड्वाइट म्हणतो. चाळीस बायका म्हणतील."

"म्हणणारच. चाळीसही तिच्यावर जीव टाकतात." त्याने एक कागद तिच्यासमोर सरकवला. "यंत्र कुणावर जीव टाकत नाही. मी तो आठवडा बर्फावरच्या कर्लिंगच्या सामन्यांना बाहेरगावी होतो. सतराला परत आलो आणि नोंद काढली. वाच."

बिल्ल्यांच्या नोंदीचा एक रकाना होता. मारिसेल. दहा तारीख, नऊ पन्नास. अकरा, नऊ अठ्ठेचाळीस. बारा, नऊ एक्कावन्न. तेरा, नऊ पन्नास.

कार्डांवरचे आकडे, मिनिटाचाही फरक नाही.

व्हर्ना खुर्चीत बसली. यंत्र आणि माणसं समोरासमोर उभी होती आणि तिचं डोकं चालेना.

"ही नोंद कोण कोण बघतं?"

"मी. कोरीनच्या टेबलावर उघडते. ड्वाइटला दर आठवड्याला जाते." लाइलने हात पसरले. "व्हर्ना, मला काय आनंद आहे का यात? एकवीस वर्षं झाली मला इथे. पहाटे पाचला दारातला बर्फ मी काढतो. शॉवर बिघडला की शिव्या मला. विसावं वर्ष भरलं तेव्हा कुणी कपभर कॉफी आणली नाही. पण नियम तो नियम."

संध्याकाळी व्हर्नाने पेरोगी, बटाटा भरलेल्या करंज्या, तळायला टाकल्या, पण लक्ष लागेना. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच फोन वाजला. बहीण फिलिस, शेजारच्या प्रांतातून, मॅनिटोबातल्या ब्रँडनहून. रोज सातला, जेवण आटोपल्यावर फोन करायची तिची शिस्त. पण गेल्या आठवड्यापासून ती सहालाच, ऐन ताटावर फोन करायला लागली होती.

"अगं, जेवू तर दे माणसाला! सहा वाजलेत," व्हर्ना खेकसली.

"तुझ्याकडे सहा. माझ्याकडे चांगले सात वाजलेत," फिलिस म्हणाली. "दर मार्चात तुझं हेच रडगाणं. अख्ख्या मुलखाने उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे केली नऊ तारखेच्या रविवारी. तुम्ही सॅस्काचेवानवालेच तेवढे जगावेगळे, घड्याळाला हात लावायचा नाही म्हणजे नाही. तुम्हाला तर पत्ताही नसतो तो रविवार कधी येतो आणि जातो."

व्हर्नाच्या काट्यावरची पेरोगी ताटात पडली.

"फिलिस," ती म्हणाली, "तू माझी फार गुणाची बहीण आहेस. आता फोन ठेव."

५

गुरुवारी तीनच्या बैठकीला समितीच्या टेबलाभोवती ऑलिव्ह, ड्वाइट आणि लाइल होते. कोरीनला आणि मारिसेलला व्हर्नाने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मारिसेल कोट घालूनच, दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर बसली होती.

"आधी सगळे बाहेर चला," व्हर्ना म्हणाली. "दारापर्यंत."

सगळे यंत्रापाशी गेले. वर भिंतीवर मोठं घड्याळ होतं. तीन वाजून सात मिनिटं. व्हर्नाने बिल्ला टेकवला, हिरवा दिवा लागला.

"कोरीन, माझी नोंद वाच."

कोरीनने टेबलावरच्या पडद्यावर बघितलं. "व्हर्ना हनाट्युक. चार वाजून... चार वाजून सात?" तिने मान वर करून घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली. "हे काय?"

"हे यंत्र जानेवारीत आलं. बसवताना त्याला गावाचं नाव विचारलं असेल, आपलं गाव यादीत नसेल, तर कुणीतरी मॅनिटोबातलं विनिपेग लावून मोकळं झालं. हिवाळ्यात विनिपेगचं आणि आपलं घड्याळ एकच, त्यामुळे काही बिघडलं नाही. पण नऊ मार्चच्या रविवारी विनिपेगवाले तासभर पुढे गेले आणि त्यांच्याबरोबर हे यंत्रही गेलं. आपण कशाला लक्ष देतो? आपल्याकडे कुणी त्या रविवारी घड्याळाकडे बघतसुद्धा नाही. मारिसेल आठ पन्नासला आली, यंत्राने नऊ पन्नास लिहिलं."

मारिसेलच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. ऑलिव्हने तिचा हात धरला, आणि व्हर्नाच्या पोटात पुन्हा ती जुनी कळ आली. आत्तासुद्धा. तिला स्वतःची शिसारी आली, पण ती बोलत राहिली.

"आता कार्डांचं. लिहिणाऱ्याने मारिसेलला उशिरा येताना बघितलं नाही, कारण ती उशिरा आलीच नाही. त्याने यंत्राची नोंद बघून लिहिलं. नोंद तिघं बघतात, आणि कपाटाची किल्लीही त्याच तिघांकडे. कोरीनला मारिसेल बघवत नाही."

"अजिबात नाही," कोरीन म्हणाली.

"पण कोरीनने तिला रोज स्वतःच्या डोळ्यांनी वेळेवर येताना पाहिलं. नोंदीत नऊ पन्नास दिसलं असतं तर तिला कळलं असतं की यंत्र चुकतंय. ड्वाइटच्या दारावर ती रोज नऊच्या आत टकटक करते. त्यालाही कळलं असतं. ती नोंद खरी मानायची तर त्या आठवड्यात गावातच नसायला हवं."

कुणीच लाइलकडे बघितलं नाही. त्यामुळे त्याला जास्तच लागलं असावं. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कानापर्यंत लाल.

"मला खरंच वाटलं ती उशिरा येते," तो म्हणाला. "आईशपथ. मला वाटलं, सापडली."

"तिचाच रकाना काढलास," व्हर्ना म्हणाली. "शेजारचा ड्वाइटचा बघितला असतास तर सातच्या बॅडमिंटनला तो आठला आलेला दिसला असता. पण आपल्याला ज्याचा जळफळाट होतो त्याचंच नाव तेवढं दिसतं. मला माहीत आहे ते."

"तुम्ही सगळ्यांनी तिच्या वाढदिवसाला तीन केक आणले," लाइल खाली बघत म्हणाला. "तीन. मी खुर्च्या लावल्या त्या दिवशी. मी एकवीस वर्षं..."  मग एकदम मान वर करून तो म्हणाला, "आठ माझी आहेत. पण ते आईचं कार्ड माझं नाही. सामन्यांना निघायच्या आधी मी पेटी उघडली तर आत ते एकटंच होतं. ते वाचून मला बरं वाटलं हो. वाटलं, चला, गावात आणखी कुणाला तरी ती खुपते, मी एकटा नाही. ते नसतं तर माझा हात धजला नसता."



"ते राहू दे," ऑलिव्ह म्हणाली. "त्यात खोटं काही नाही, कुणाला वाटलं ते लिहिलं. पेटी त्यासाठीच असते. आपण पत्रावर सही करू आणि लाइलचं काय ते पुढच्या बैठकीत बघू."

तिथेच मिटलं असतं. ऑलिव्हने सुटकेचं दार उघडं ठेवलं होतं, मुद्दाम की सहज ते व्हर्नाला कधीच कळलं नाही. टेबलापाशी परत जायचं, कॉफी घ्यायची, शाबासकी घ्यायची, एवढंच उरलं होतं. व्हर्नाने कोरीनच्या टेबलाचा कोपरा धरला.

"ते माझं आहे," ती म्हणाली. "पाचवं. मी लिहिलं."

ऑलिव्हचा हात चष्म्याकडे गेला.

"मला हेवा वाटला. तुझा," व्हर्ना मारिसेलकडे बघत म्हणाली, "आणि तुझाही, ऑलिव्ह. कोट मी दिला. गाडी मी शिकवली. आणि आई ही झाली. मला वाटायचं मी उठून गेले तरी कुणाला कळणार नाही. लाइलने आठ लिहिली, पण सुरुवात माझी होती."

मारिसेल रडली नाही आणि हसलीही नाही. मग तिने कोटाच्या चेनला हात लावला.

"हा तुम्ही मला घातलात," ती म्हणाली. "पार्किंगमध्ये. चेन अडकली होती, ती तुम्ही वाकून लावली. तेव्हा मी तुम्हाला नानाय म्हटलं. या गावात सगळ्यात आधी तुम्हालाच. तुम्ही म्हणालात, ‘मी कुणाची आईबिई नाही. मला व्हर्ना म्हणायचं.’ मला वाटलं, मी चुकले. तुमचा अपमान झाला. म्हणून मी व्हर्ना म्हणते. रोज जपून म्हणते."

व्हर्नाला ते पार्किंग आठवलं. वारा आठवला. चेन लावताना घशाशी आलेला आवंढा आठवला आणि तो कुणाला दिसू नये म्हणून आपण काय बोलून गेलो तेही, शब्दन्‌शब्द.

पत्रावर सही झाली. ड्वाइटने केली, ऑलिव्हने केली. मारिसेल पत्र घडी करून आतल्या खिशात ठेवून निघून गेली. व्हर्नाकडे तिने पाहिलं नाही. ऑलिव्हही त्या संध्याकाळी फोनवर आली नाही. फिलिस आली, सहाला, आणि व्हर्नाने ताट बाजूला सारून तिचं सगळं ऐकून घेतलं.

शुक्रवारी सकाळी जायचं नाही असं तिने तीनदा ठरवलं आणि गेली. कोरीनने यंत्र सुधारून घेतलं होतं. बूट चटईवर काढून व्हर्ना हॉलमध्ये गेली. उजवीकडची पहिल्या रांगेतली जागा नऊ वर्षं तिची होती. ती तिथे गेली नाही. सगळ्यात मागे, जाळीच्या खांबाशी उभी राहिली. चाळीस बायकांच्या पाठी तिच्याकडे होत्या. ऑलिव्ह पुढे होती. तिने एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

गाणं सुरू झालं. मारिसेलने हात वर नेले, खाली आणले, मोजायला लागली. चौथ्या ओळीला तिने गाणं थांबवलं.

"व्हर्ना," ती म्हणाली. "तिथून मला तुमचे पाय दिसत नाहीत. पुढे या."

बायका बाजूला झाल्या. व्हर्ना पुढे गेली. ‘व्हर्ना’ ही हाक तिने स्वतःच मागून घेतली होती, दीड वर्षापूर्वी, आणि ती पोरगी ती अजून जशीच्या तशी पाळत होती.